बारा की तेरा

नाझे बंदरातून खोका आला. वर बर्फ, आत
अंगठ्याच्या पेराएवढा विंचूमासा
आणि तेत्सुरो साकाएंची पेन्सिलीतली चिठ्ठी:
"कोळंबीच्या पिंजऱ्यात. साठ वाव खोल.
हा संध्याकाळपर्यंत दुखला."

साकाएंची वर्गवारी सोपी आहे.
सिगारेट संपेपर्यंत ठणकणारे,
भात शिजेपर्यंत ठणकणारे,
संध्याकाळपर्यंतचे.
चौथ्या प्रकाराबद्दल ते बोलत नाहीत,
त्यांची डावी करंगळी सरळ होत नाही एवढंच.

माझी वर्गवारी कागोशिमात, तिसऱ्या मजल्यावर.
साकुराजिमाची राख आत येते
म्हणून ऑगस्टातही खिडकी बंद.
फोमच्या तुकड्यावर मासा, परांना टाचण्या,
ब्रशनं फॉर्मेलिन, की घडीचा पंखा उघडावा
तसे पर ताठतात आणि मिटायचं विसरतात.
आधी फोटो.
उद्या अल्कोहोलमध्ये लाल जाईल, शेंदरी जाईल,
पोटाखालचं ते गुलाबी तर तासाभरात.
काळं तेवढं टिकतं.
गालावरचा हा एक ठिपका टिकेल.

मग मोजणी. पाठीवरचे कठीण काटे: बारा.
पुन्हा: तेरा.
पहिला काटा इतका बुटका,
हजेरीला तोंड न उघडणाऱ्या पोरासारखा
कातडीखाली दडून बसलेला.
बारा असतील तर एक कुळी, तेरा असतील तर दुसरी,
आणि मधल्यामध्ये माझे तीनतेरा.

सुईच्या टोकानं टाळू चाचपते.
दात नाहीत.
म्हणजे, सुईला लागले नाहीत.

शेवटचे दोन मऊ काटे एकाच बुडातून फुटतात,
ते एकच धरायचे असा नियम आहे.
घरभाड्याच्या करारात मी आणि माझी बहीण
अशाच एक धरलेल्या,
ती ओसाकाला गेली त्याला चार वर्षं झाली तरी.

छातीचा पर: डावीकडे सतरा, उजवीकडे अठरा.
दिवा हलवला, चष्मा पुसला, सतरा, अठरा.
एकाच माशाचं स्वतःशी जुळत नाही
आणि तक्त्यात रकाना एकच.

नाव ठेवायचं तर आधी नावं ठेवावी लागतात.
कपाळ आखूड. डोळ्याखालचा कंगोरा मोडका.
खवले त्याच्याहून जाड, याच्याइतके नाहीत.
तोंड मोठं, शेपटी साधी, ठेवण बेंगरूळ.
दिवसभर सासूसारखी नावं ठेवली
आणि सहा वाजता त्याला नाव नव्हतं.

मागच्या कपाटात एक बरणी आहे, सत्तावन्न सालची.
लेबल हामासाकी सरांच्या हातचं, शाईचं,
नाव ठसठशीत, शंकेला जागा न सोडलेलं.
नावापुढे प्रश्नचिन्ह. ते मात्र पेन्सिलीचं,
बारीक, दुसऱ्या कुणाचं तरी.
कुणाचं ते रजिस्टरमध्ये नाही.
झाकण निघायला वेळ लागला.
मासा उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा.
गालावर ठिपका.
काटे तेरा, पहिला कातडीखाली.
डावीकडे सतरा.
उजवा पर केव्हाच गळून तळाशी भुगा झालेला,
त्यात मी बराच वेळ बघत बसले.

मग साकाएंना फोन. त्यांच्याकडे टीव्ही चालू होता.
म्हटलं, अजून लागतील.
किती?
निदान दहा. दोन्हीकडचे पर शाबूत हवेत.
टीव्हीचा आवाज कमी झाला.
"म्हणजे माझ्या दहा संध्याकाळी," ते म्हणाले.
मी म्हटलं, हातमोजे पाठवते.
"हातमोज्यातून कळत नाही, कुठला ते."

जातीचा रकाना कोरा ठेवला.
शेऱ्यात त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं,
मग "दुखला" हा शब्द
रजिस्टरमध्ये चालतो का, ते विचारायला
कुणी उरलं नव्हतं मजल्यावर.